बाबा कापसात गेले

नेरच्या स्टँडवर मला सोडायला बाबा कापसाच्या जिनातून थेट आले होते. डोक्यावर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर रुई. मी म्हटलं, "बाबा, निदान डोकं तरी झटकायचं होतं." ते म्हणाले, "झटकून काय फायदा? वापस तिथंच जायाचं हाय." आईनं भाकरी, ठेचा आणि मुगाचे लाडू असं सगळं एकाच पिशवीत कोंबलं होतं, त्यामुळे पुण्यापर्यंत लाडवांना ठेच्याचा वास मारत होता. गाडीत चढताना तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "तिकडं शुद्ध बोलजो बाई. मले-तुले करजो नको, हासतात म्हने लोकं." बाबा मागून म्हणाले, "हासू दे. दात त्याईचे हायत, आपलं काय जाते?" एसटी हलली. मी रडले नाही. खिडकीची काच वर सरकत नव्हती आणि तिच्याशी भांडण्यातच यवतमाळ आलं. तिथून पुण्याची ट्रॅव्हल्स.

हे मी दोघांसाठी लिहून राह्यली. जे नेरात राहिले त्यांच्यासाठी, अन् माझ्यासारखे जे निघाले त्यांच्यासाठी. कोणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझं काम टेस्टिंगचं. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांना कळवायच्या. चुका काढण्याचा मला पगार भेटतो. मिळतो. हे पाहा, असं होतं. पुण्यात पहिल्या आठवड्यात मी जिथं पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले तिथल्या काकूंना विचारलं, "इथं जवळ ज्वारीचं पीठ कुठं भेटते?" काकू हसल्या. दारात उभ्या राहून, पोळपाट हातात घेऊन, शाळा भरवल्यासारखं म्हणाल्या, "अगं, वस्तू मिळते. माणूस भेटतो." ठीक आहे. मग मी वर्षभर त्या काकूंकडे राहिले. वस्तू सगळ्या मिळाल्या. माणूस काही भेटला नाही.

त्याच काकूंनी चौथ्या की पाचव्या दिवशी माझं पूर्ण नाव विचारलं. मी प्रज्ञा सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाही गं, पूर्ण." मी आडनाव सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून माझा ताट-पेला रॅकच्या खालच्या फळीवर वेगळा दिसायला लागला. शुद्ध मराठीत याला काय म्हणतात ते त्यांनी मला शिकवलं नाही.

ऑफिस हिंजवडीला. ऑफिसात मराठी बोलायचा प्रसंग फक्त कँटीनमध्ये आणि कंपनीच्या बसमध्ये यायचा, तेवढ्यातही लोक मला धरायचे. मी एकदा म्हटलं, "बस येऊन राह्यली." बसभर ते महिनाभर चाललं. कोणी शिंकलं तरी "शिंकून राह्यला का?" मी रोज हसायची. आता विचार करते तर वाटतं, बाप्पा, किती हसली मी! जबडा दुखायचा. पण त्याहून वाईट म्हणजे गावाचं नाव. ते कापसाचे वाईट दिवस होते. रोज पेपरात आमचा जिल्हा, आणि कशासाठी ते सगळ्यांना माहीत. कुठलीस असं कोणी विचारलं की मी यवतमाळची म्हणायची, आणि समोरच्याचं तोंड बदलायचं. भुवया वर, ओठ खाली, मान एका बाजूला. "अरेरे. घरी सगळे... बरे आहेत ना?" मी त्याला यवतमाळ-तोंड म्हणायची. सातारच्या पोरीला कोणी असं विचारत नव्हतं. तिला कंदी पेढे आणतेस का विचारायचे.

घरी सगळे बरे होते. आई कमरेवर हात ठेवून शेजारणींशी भांडत होती, बाबा जिनात होते. आमच्याकडे जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. बाबा तिथं मशीन दुरुस्त करणारे मिस्तरी. दादाराव मिस्तरी म्हटलं की कापसाची गाडी घेऊन आलेला कास्तकारही बाजूला व्हायचा, कारण मशीन बंद पडलं तर त्याची गाडी दोन दिवस रांगेत. मी लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायची. आवाज इतका, की तिथं सगळे एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलायचे. घरी आल्यावरही बाबा तासभर ओरडून बोलायचे, आणि आई म्हणायची, "हळू बोला, बहिरी नाई मी."

आता मुद्द्यावर येते.

कंपनीचा वर्धापनदिन जवळ आला होता. एचआरमधल्या तन्वी मॅडमच्या डोक्यात आलं की या वेळी गावाकडून आलेल्या लोकांचा सत्कार करायचा. कार्यक्रमाचं नाव 'मातीतली माणसं'. माझा मातीशी संबंध म्हणजे घरासमोरचं अंगण सारवणं, पण यवतमाळ म्हटल्यावर मला सोडतात का? तन्वी मॅडमनी कॉफी आणली, मला सोफ्यावर बसवलं आणि म्हणाल्या, "अगदी मोकळेपणानं सांग. तुझ्या घरच्या पद्धतीनं बोल." आयुष्यात पहिल्यांदा पुण्यात कोणीतरी असं म्हटलं. मी पाघळले. मोकळेपणानं सांगितलं.

म्हटलं, "मोठे काका रेल्वेत गेले. मामा पोलिसात गेला. बाबा कापसात गेले."

आमच्याकडे असंच म्हणतात. जो ज्या कामाला लागला तो त्यात गेला. तन्वी मॅडमनी माझा हात धरला. "तू केवढी होतीस तेव्हा?"

"मी पोटात होते."

त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, पुण्याच्या लोकांचं मन हळवं असते बा. "आणि आई?"

"आईनं खूप अडवलं," मी म्हटलं. "तिच्या मनात नव्हतंच. सहा महिने कोणाशी धड बोलली नाही." हे खरं आहे. बाबांना एसटीत कंडक्टरचा कॉल आला होता, आणि ते कॉल सोडून जिनात गेले म्हणून आईनं अबोला धरला होता. अजूनही बसमध्ये कंडक्टर दिसला की ती त्याच्याकडे जावयाकडे पाहावं तशी पाहते.

"दुसरा काही मार्ग नव्हता का गं त्यांच्यापुढे?"

"होता ना. सगळ्यांनी समजावलं. पण ते स्वतःच्या मर्जीनं गेले. म्हणाले, मला यातच सुख आहे."

तन्वी मॅडमनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आईंना नक्की आण हं कार्यक्रमाला. आपण त्यांचा सत्कार करू." मी खूश. कोणाला फोन करू अन् कोणाला नको, असं झालं.

आईला गाडी लागते. नेरहून यवतमाळला जायचं तरी ती लिंबू हुंगत जाते, ती पुण्याला काय येणार? म्हणून बाबा आले. आणि मला खरं तर तेच हवं होतं. कारण आदल्या साली जिन बंद पडला. कापूस कमी, आला त्याला भाव नाही, मालकानं मशीन विकून टाकलं. बाबा दिवसभर घरी बसायचे आणि आई फोनवर सांगायची, "मुके झाले वं तुहे बाबा. जेवा म्हटलं तं जेवते, झोपा म्हटलं तं झोपते." मी वर्षभर मागे लागले होते की दोघं इकडे या. तोवर मी काकूंचं घर सोडून ऑफिसच्या मागच्याच रस्त्यावर फ्लॅट घेतला होता भाड्यानं, एक खोली त्यांच्यासाठीच रिकामी. बाबा दर वेळी म्हणायचे, "पाहू." आता ते पाहायला आले होते. चार दिवस राहून, ऑफिस पाहून, माणसं पाहून मग ठरवतो म्हणाले. मला दुसरं काही नको होतं. त्यांना हे ठिकाण आवडावं, एवढंच. मी देवाधर्माचं काही करत नाही, पण कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बुद्धवंदना जरा जास्त वेळ म्हटली.

ऑफिसच्या गेटवर भाड्यानं आणलेली बैलगाडी होती. बैल थर्माकोलचे. गाडीत गादीवाल्याकडचा कापूस भरलेला आणि नेहरू जॅकेट घातलेले लोक त्यात बसून फोटो काढत होते. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. लिफ्टमध्ये सगळ्यांना नमस्कार करत होते, कोणी करो न करो. "भल्लं मोठं हाय वं तुहं हापीस," म्हणाले. आवाज जिनातलाच. लोकांनी वळून पाहिलं. मला त्या क्षणी फार अभिमान वाटला, कोणाला काय वाटायचं ते वाटो.

तन्वी मॅडम स्टेजवरच्या गडबडीत होत्या, त्यांची आमची भेट झाली नाही; आईऐवजी बाबा आलेत हे सांगायचं राहूनच गेलं. आम्ही पुढच्या बाजूला जाऊन बसलो. दिवे मंद झाले, बासरी सुरू झाली, पडद्यावर भेगाळलेली जमीन आली. तेव्हाच मला काहीतरी शंका यायला हवी होती. बासरी आणि भेगाळलेली जमीन एकत्र आली की समजावं, कोणाचं तरी काही खरं नाही.

तन्वी मॅडम माइकवर म्हणाल्या, "प्रज्ञा अजून या जगातही आली नव्हती, तेव्हाच तिचे बाबा कापसात गेले. घरच्यांनी अडवलं. आईनं विनवण्या केल्या. पण त्यांनी स्वतःच्या मर्जीनं तो मार्ग निवडला." आवाज दाटला. "आपण सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळूया."

अख्खं सभागृह उभं राहिलं. खुर्च्यांचा धाडधाड आवाज झाला आणि थांबला. बाबाही उभे राहिले, हात समोर जोडून, मान खाली. त्यांना सवय होती, आमच्याकडे त्या काळात प्रत्येक सभेची सुरुवात अशीच व्हायची. मग ते हळूच माझ्या कानाकडे झुकले. हळूच म्हणजे त्यांच्या हिशेबानं हळूच, पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं.

"कोन गेलं वं?"

"तुम्ही," मी म्हटलं.

"मी? कवा?"

बाबांनी थोडा विचार केला. "असं हाय का," म्हणाले. "मंग बसता येत नाई." आणि स्वतःच्या मरणाला उरलेला वेळ उभे राहिले.

त्यानंतर तन्वी मॅडमनी मला स्टेजवर बोलावलं. पायऱ्या कशा चढले माहीत नाही. माइक हातात आला आणि इतकी वर्षं पगारासाठी शिकलेली भाषा कुठल्या कुठे गेली. मी म्हटलं, "माहे बाबा थे तिथं उभे हायत. पांढऱ्या शर्टात. कापसात गेले म्हनजे कामाले लागले. माहे काका रेल्वेत गेले, थे बी कोनत्या गाडीखाली नाई गेले. रिटायर झाले, मूर्तिजापूरले राह्यतात. तुमच्यातलं कोनी बँकेत गेलं तं तुम्ही तेरावं घालता का?"

मागे कँटीनमधलं कोणीतरी खो-खो हसलं. बाकी चिडीचूप. मघाची दोन मिनिटं त्यापुढे गोंगाट वाटावी.

तुम्हाला वाटेल, लोक धावत आले असतील, माफी मागितली असेल. छे! लोकांची तोंडं उतरली. माणूस जिवंत निघाला तर कोणाला आनंद व्हायला नको? यांना फसवल्यासारखं वाटलं. माझे टीम लीड म्हणाले, "प्रज्ञा, आधी क्लिअर करायचं ना." तन्वी मॅडम म्हणाल्या, "तू असं कसं बोललीस गं? 'गेले' म्हटल्यावर माणूस काय समजणार?" म्हणजे चूक माझ्या मराठीची. एका जॅकेटवाल्यानं बाबांना बाजूला घेऊन विचारलं, "पण काका, शेतीत त्रास तर असेलच ना?" बाबा म्हणाले, "शेती नाई जी. मी मिस्तरी." त्या माणसाचा शेवटचा आधार गेला. तो चहाकडे निघून गेला.

सत्काराला आईसाठी साडी आणली होती. आता काय करायचं कोणाला सुचेना, म्हणून ती बाबांच्याच हातात दिली. पांढरट, बारीक राखाडी काठाची. बाबांनी दोन्ही हातांनी घेतली आणि "आभारी हाय" म्हणाले.

घरी आलो. मी चहा केला, तो बाबांनी घेतला. मी रडत होते, शिव्या देत होते, नोकरी सोडते म्हणत होते. शेवटी विचारलं, "तुम्ही कायले उभे राह्यले पन? बसून राह्याचं होतं! ओरडायचं होतं!"

"सारे उभे, अन् मी एकटा बसू?" ते म्हणाले. "अन् आपल्याकडं आज कोनी गेलं नसन का? त्याच्या नावानं होऊन जाते."

मला वाटलं, संपलं. आता हे सकाळच्या गाडीनं जाणार आणि पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाहीत. त्या मुक्या घरात जाऊन बसतील, आणि मी इथं रिकाम्या खोलीला कुलूप लावीन. सकाळी उठले तर बाबांनी पिशवीतले कपडे काढून कपाटात लावले होते.

"मी राह्यतो," म्हणाले.

"काय?"

"राह्यतो म्हटलं. तुह्या मायले बी बोलाव. मारून टाकतात मले हे लोकं? आता गेलो तं म्हनतीन, पाहा, गेलाच. रोज दिसतो त्याईले."

वर्षभर मी प्रेमानं सांगत होते तेव्हा "पाहू". आणि एका अपमानानं माणूस राहायला तयार! आमच्या खानदानात सरळ मार्गानं काही होतच नाही.

आणि खरंच दिसले. रोज सकाळी आंघोळ करून, तोच पांढरा शर्ट घालून, ऑफिसच्या गेटसमोरच्या टपरीवर उभे. गेटवरचे वॉचमन बीड-परभणीचे, पंधरा दिवसांत त्यांचे दोस्त. तन्वी मॅडमची गाडी आली की बाबा हात वर करायचे, "जय भीम, मॅडम! हाव मी अजून!" जिनाच्या आवाजात. तन्वी मॅडम काचेआडून मान हलवायच्या. महिन्याभरात त्या मागच्या गेटनं यायला लागल्या. बाबांनी चौकशी केली आणि मागच्या गेटलाही टपरी आहे म्हणून मला कळवलं. मी एकदा म्हटलं, "बस करा आता, बाबा." ते म्हणाले, "कायले? मले मज्या येऊन राह्यली." किती महिन्यांनी ते घरी ओरडून बोलत होते! मी पुन्हा म्हटलं नाही.

आई दिवाळीनंतर आली, लिंबू हुंगत, ओकत, सगळ्या पुण्याला शिव्या देत. साडी पाहून म्हणाली, "हे कोनाले आनली? मी जिती, नवरा जिता, अन् असा रंग?" तिनं साडीचे तुकडे करून फरशी पुसायला घेतले. कापड चांगलं होतं, पाणी लगेच ओढायचं.

पुणेवाल्यांना एवढं पुरे. आता नेरवाल्यांनो, तुमची पाळी. तुम्ही मोठे साव नाही. मी आले की तुम्ही म्हणता, "पुन्याची मॅडम आली." माझ्या तोंडून एखादं 'मिळतं' निघालं की तिथंही तीच हसाहसी. इकडे 'भेटते'ला हसतात, तिकडे 'मिळतं'ला. बोलू का तोंड शिवून घेऊ? पण यातलं काही मी मनावर घेतलं नसतं. यंदा मी घर भाड्यानं द्यायला आले होते तेव्हाचं मात्र मनाला लागलं.

तीन दिवस होते मी तिथं. जिनाच्या जागेवर लग्नाचं लॉन झालंय, कमानीवर प्लास्टिकची फुलं. मोंढ्यात, कापूस-धान्याच्या बाजारात, गेले, स्टँडवर बसले, ओळखीच्या दुकानांतून उगाच काहीबाही घेतलं. वाट पाहत होते. सगळे भेटले, सगळ्यांनी विचारलं: पगार किती, फ्लॅट स्वतःचा का, लग्नाचं काय. ज्यांच्या गाड्या माझ्या बापानं रांगेतून सोडवल्या त्यांनीही हेच विचारलं. दादाराव मिस्तरी कसे आहेत, हे एकानं विचारलं नाही. एकानंही नाही, लेकहो! पुण्यानं निदान दोन मिनिटं दिली. तीही चुकीच्या कारणानं दिली, पण दिली.

घराच्या किल्ल्या भाडेकरूंना दिल्या आणि निघाले. येताना रस्ताभर भांडत होते मनात, तुमच्याशी.

पुण्याला पोचले तेव्हा बाबा दारातच होते. पिशवी हातातून घेतली, पाणी दिलं, आणि आपण सहज विचारतोय असं दाखवत, दुसरीकडे पाहत म्हणाले, "कोनी माह्याबद्दल इचारलं का?"

"सारेच इचारत होते," मी म्हटलं. "मोंढ्यात तं मले कोनी पुढं जाऊच देईना. म्हने, मिस्तरी होते तवर मशीन कवा बंद नाई पडली. म्हने, कवा येतात? म्हने, त्याईच्या हाताचं काम आता कुठं भेटते?"

बाबा खाली बसले. बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी नजर हटवली नाही. स्वयंपाकघरातून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता.

"लबाड," ते म्हणाले.

मग त्यांनी पाय पसरले, पाठ भिंतीला टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

"सांग अजून."

मी सांगत बसले. भाकरी थंड होईपर्यंत सांगत होते. माझं घर म्हणाल तर आता एवढंच आहे.